घसारा

मार्केट यार्डात चेंबरची इमारत.
खाली सभागृह, वर मी.
सव्वीस वर्षं कारकून.
माझ्या ताब्यात दोन कपाटं.

एकात व्यापाऱ्यांचं:
परवान्यांच्या नकला, जीएसटीच्या तक्रारी,
बेदाण्याच्या सौद्यात बिनसलेल्या दोघांनी
इथंच चहा पिऊन सही केलेला समझोता,
आणि महापुराच्या साली
कुणाला किती उचल दिली त्याची वही.
ती परत मागायची नाही असं ठरलं होतं.
ठरावाच्या पुस्तकात तसं लिहिलेलं नाही.

दुसऱ्यात पुस्तकपेढी.
अकरावी ते बी.कॉम.
जूनला न्यायचं, एप्रिलला आणायचं.
पुरात खालचे दोन कप्पे भिजले,
तेव्हा पुस्तकं हळदीच्या गोदामात वाळत घातली,
पोत्यांवर, उघडी, पालथी.
अजून पान उलटलं की बोट पिवळं होतं.
पोरं म्हणतात, काका,
अकौंटन्सीला हळद लागली.

नियम सातवा: पुस्तकात लिहू नये.
लिहिल्यास दंड रुपये दहा.
म्हणून ड्रॉवरात खोडरबर.
मे महिनाभर मी खोडत बसतो
बाण, बदाम, क्रिकेटचे स्कोअर,
एकदा प्राचार्यांचा चेहरा.
(तो हुबेहूब आला होता. जिवावर आलं.)

मग यास्मिन नदाफचं पुस्तक आलं.
घसाऱ्याचा धडा, पान एकशे बारा.
छापलेलं गणित यंत्राचं:
किंमत एक लाख, आयुष्य दहा वर्षं.
शेजारच्या कोऱ्या जागेत, बारीक पेन्सिलीनं
तिनं आपलं घातलं होतं:

हातगाडा. घेतला नऊ हजाराला.
पाच वर्षांनी भंगारात सतराशे.
दरसाल घसारा चौदाशे साठ.

बरोबर होतं. मी पडताळून पाहिलं.
त्याखाली आणखी एक ओळ:
अब्बांचा खांदा.
मूळ किंमत माहीत नाही.
कुठल्या खात्यात?

खोडरबर हातात तसाच.
खिडकीखाली सौदा चालला होता,
रुमालाआड दोन हात, बोटांत भाव,
वर चेहरे कोरे.

मगदूम अण्णा आले, आमचे अध्यक्ष,
हळदीत तिसरी पिढी.
विचारलं, दंड लावू का?
त्यांनी चष्मा पुसला. वाचलं. परत वाचलं.
"कुणाची पोर?"
"दस्तगीरची."
"म्हणजे आपल्याच गाळ्यावरचा."
वाटलं, आता काही मोठं बोलतील.
म्हणाले, "पंखा वाढवा जरा."
जाताना दारात थांबले.
"खोडू नका ते."

पुढच्या सभेत ऐनवेळचा विषय:
पोत्याचं वजन किती असावं.
दोन तास खडाजंगी.
शेवटी उपसमिती नेमली. ती अजून बसतेय.
यास्मिनची शिष्यवृत्ती मात्र
त्याच दिवशी, पाच मिनिटांत, एकमतानं मंजूर.
देणं सोपं असतं. वजन कमी करणं अवघड.
हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

आता ती विश्रामबागेत एका सीएकडे आहे.
शनिवारी दुपारी खालच्या सभागृहात येते,
किराणावाले, पिठाची गिरणीवाले,
एक शिलाई मशीन असलेल्या बायका
हातात बिलांच्या पिशव्या घेऊन रांगेत.
ती त्यांची रिटर्न भरून देते,
चुकलं तर रागावते, बापासारखी, मोठ्यानं.
त्या पुस्तकाचं तिनं कधी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

पुस्तक त्यानंतर चौघांकडे गेलं.
एकानं तिच्या प्रश्नापुढं नुसती टिकमार्क केली.
एकीनं लिहिलं, आईची बोटंही धरा,
बेदाणा निवडते, शीतगृहात.
एकानं मोबाईलचा रिचार्ज मांडलाय, त्यातही चूक.
मी कुणाला दंड लावला नाही.

यंदा परत आलं तेव्हा
समासात जागा उरली नव्हती.
कुणीतरी डिंकानं एक जादा पान चिकटवून,
रकाने आखून, रिकामं सोडून दिलं होतं.

नोंदवहीत शेरा लागतो: पुस्तकाची स्थिती.
चांगली, बरी, फाटलेली,
यातलं एक लिहायचं असतं.
मी लिहिलं,
चालू खातं.